आण्णांच्या जीपचं दुखणं

९ ऑगस्ट
साईटवरनं, भुजच्या पुढं

आण्णा,

पायावर डोकं ठेवतो, हितनंच. सोनमचं पाकीट मिळालं. आत अर्धा कागद अन् त्यावर तुमचं एकच वाक्य. "गाडीचा क्रॉस तुटला, किती पैसे पडत्यात त्याला इचार." बाकी काय न्हाय. कसा हाईस न्हाय, जेवतोस का न्हाय. तरी मी ते चारदा वाचलं. गेल्या दिवाळीला मी बॅग उचलली तवापासनं तुमच्याकडनं आलेला पहिला शब्द, अन् त्यो बी क्रॉस.

सोनम लिवते, माझा नंबर तुमी तिला ब्लॉक करायला लावला. पण पोष्टमन दारात हुबा राहून तुमाला धुळाप्पा म्हणून हाक मारतो, आजूबाजूची माणसं बगत्यात, तवा सोनम वाचती त्यो कागद तुमी ऐकून घेता. बरं. मग कागदावर. सातवीनंतर मी एवढं कदी लिवलं न्हाय, चुका काढू नका.

तर क्रॉस. सोनम, बहिणाबाई, सावकाश वाच. गाडीच्या पोटाखालनं लांब नळी जाती, एक पुढच्या चाकांकडं अन् एक मागच्या. ती इंजनाची ताकद चाकाला नेती. तिच्या टोकाला सांधा असतो, आपल्या घोट्यावानी. त्यो क्रॉस. चांगला घेतला तर आठशे-नऊशेला बसतो. मल्लप्पा मिस्त्री बसवायचं तीनशे घेईल. त्याच्याकडं डब्यात पडलेला जुना असंल त्यो घेऊ नका, सोलापुरास्नं नवा आणायला सांगा, शुक्रवार पेठेच्या बोळात जुन्या जीपचं सामान मिळतं. अन् ग्रीस मारा. अठरा वर्साची गाडी हाय, ग्रीसावर जगती. पुढचा तुटला का मागचा ते कळवा.

सोनमनं कागदाच्या पाठीमागं बारीक अक्षरात लिवलंय की तुमी म्हणताय, दिवाळीपतूर गाडी भरवशाची झाली न्हाय तर औंदा मेंढरं चारायला भीमेकडं जायचं न्हाय, मेंढरं इकून टाकायची. आण्णा, नुसत्या क्रॉससाठी? मला मान्य हाय की गाडीबिगर निघता येत न्हाय. घोडी इकूनच गाडी घेतली, आता वाटंत जन्मलेली कोकरं, भांडी, कोंबड्या, मेंढरं कोंडायची जाळी, सगळं तिच्याच पाठीवर. पण क्रॉस म्हंजे काय मरण न्हाय.

हितं माझं बरं हाय. पवनचक्क्या उभ्या करायचं काम चाललंय, मी इंजिनेरांना अन् प्यायचं पाणी घेऊन वाळूतनं जीप नेतो. गाडी आपल्यासारखीच जुनी, चारी चाकांना जोर देणारी. मालक दुसरा.

(सोनम, हे मोठ्यानं वाचू नको. खरंच इकणार हायत का, का मला ऐकवायला बोलत्यात? अन् गाडी चालवतंय कोण? मी निघालो तवा आण्णांना रिव्हर्स बी येत नव्हता.)

तुमचा,
बिरुदेव


२८ ऑगस्ट

आण्णा,

पुढचा क्रॉस तुटला म्हणून वाचलं अन् मी चक्रावलो. पुढच्याला काम कमी असतं, त्यो सहसा जात न्हाय. अन् बसवला त्यो बी आठवड्यात गेला म्हणताय. वर पुढची दोन्ही टायरं गुळगुळीत झाली. ती मी निघायच्या महिनाभर आदी टाकली व्हती! त्यावर अजून रबराचे केस व्हते की. अन् स्टिअरिंग जड झालंय, दोन हातांनी ओढावं लागतं, फाट्यावर वळताना गाडी दावं लागल्यावानी अडती.

ह्या चार गोष्टी एका गाडीला एकदम कशा होत्यात, मला कळंना. मी गाडीखाली आडवा पडून इचार करतो, पण गाडी हितली, दुखणं तितल्या गाडीचं. डोळ्यानं बघितल्याबिगर सांगणं म्हंजे फोनवर बाळंतपण.

म्हणून मल्लप्पाला फोन लावला. त्याचा नंबर कुणी ब्लॉक केलेला न्हाय.

"एनप्पा बिरू! काय रं, जिता हाईस व्हय?"

मी म्हणलं, "मिस्त्री, आमच्या गाडीचं स्टिअरिंग कशानं जड झालंय?"

"तुझ्या बापानं जड केलंय."

"म्हंजे?"

"म्हंजे काय, वय झालं की समदंच जड. गाडीचं बी, त्याचं बी. तू कवा येणार?"

"मी स्टिअरिंगचं इचारतोय."

"मी बी तेच सांगतोय की."

मग मी म्हणलं, मिस्त्री, एकदा तुमी स्वतः चालवून बगा. तर म्हणतो, "तुझा बाप सीटवर बसू देतोय व्हय मला! त्यो वर, मी खाली. म्हणतो, माझ्या जनावरावर दुसरा बसला तर ते बिथरतं. मी खालनं जेवढं दिसतंय तेवढं दुरुस्त करतो."

आण्णा, घोडीवर तुमी कुणाला बसू देत नव्हता ते ठीक. गाडी बिथरत न्हाय. मिस्त्रीला एकदा तरी बसू द्या.

मला वाटतं किंगपिन गेली. पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती. तिची बेअरिंगं झिजली की स्टिअरिंग जड व्हतं अन् टायर खातं. दोन्ही बाजूंची करायची, सामान अन् मजुरी धरून साडेचार हजार. पैसे आईच्या खात्यावर टाकले हायत, ते मी टाकले म्हणून परत पाठवू नका. टायर नवी घेऊ नका आत्ताच, रिमोल्ड घ्या, जुन्यावर रबर चढवलेली. किंगपिन झाली की गाडी लोण्यावानी वळंल. बगा तुमी.

(सोनम, हे न वाचता पुढं जा. आण्णा स्वतः चालवत्यात हे वाचून मला हसू बी आलं अन् भ्या बी वाटलं. चष्मा घालत्यात का? तू जवळ बसत जा.)

बिरुदेव


१९ सप्टेंबर

आण्णा,

"मास्तर, किंगपिन झाली. गाडी तशीच हाय. पैसे तुझे गेले, टायर माझं गेलं." तुमचा निरोप सोनमनं जसाच्या तसा लिवला. मास्तर म्हणून झालं तुमचं! बोला. बोलताय तेवढं तरी.

माझी चूक झाली. किंगपिन न्हवती. पण मग काय हाय? आता तुमी म्हणता गाडीच्या पोटातनं घरघर आवाज येतो, अर्ध्या तासात मधला डबा, इंजनाची ताकद पुढं-मागं वाटणारा, इतका तापतो की कोंबड्यांचं खुराडं त्याच्या वरच्या पत्र्यावर ठेवता येत न्हाय. डिझेल बी जास्त पितीया. मल्लप्पा म्हणतो डबा खोलायचा, आतले दाते गेले असतील, बावीस हजार. अन् खोलल्यावर आणखी काय निघंल ते निघंल.

बावीस हजारात डबा खोलण्यापरीस, असं तुमी म्हणला, अन् पुढचं सोनमनं लिवलं न्हाय. लिवलं असतं तर बरं झालं असतं. सांगोल्याचा व्यापारी येऊन मेंढरं बघून गेला, हे मात्र लिवलंय. दाढेला हात लावून वय बघितलं म्हणे एकेकीचं. आई चुलीपाशी बसून राहिली, चहा बी टाकला न्हाय त्याला. बनाबाईच्या घरी आलेला माणूस बिनचहाचा गेला, म्हंजे लईच झालं.

आण्णा, डबा आत्ताच खोलू नका. थांबा. मी इचार करतोय. तेल बघा, पातळ झालं असंल तर बदला, नऊशे रुपयाचं काम हाय. बावीस हजार अन् नऊशे ह्यात लई अंतर हाय.

काल हितल्या मेंढरंवाल्यांचा एक म्हातारा रस्त्यात काठी आडवी धरून हुबा राहिला. त्यांचं सामान उंटावर असतं. पाणी पायजे म्हणला, दिलं. मग गाडीच्या भोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला, टायर दाबलं, अन् मला इचारतो, "खाती क्या है?" मी म्हणलं, डिझेल. त्यानं मान हलवली, म्हंजे महाग जनावर हाय असं. मला तुमचीच आठवण झाली. तुमी बी पहिल्या दिवशी टायरच दाबलं व्हतं अन् भंडारा टाकायच्या आदी म्हणला व्हता, खूर चांगलं हायत.

(सोनम, हे तुझ्यापुरतं. मला माझंच कळंना झालंय. मेंढरं इकली तर मी सुटलो की. मग "मेंढरामागं ये, गाडी मेंढरासाठी हाय, मेंढरं गाडीसाठी न्हायत" असं म्हणायला कोण उरणार न्हाय. मी निघालो तवा आण्णांना काय बोललो ते तू ऐकलंस, मी ड्रायव्हर हाय, मेंढका न्हाय. मग आता व्यापारी येऊन गेला वाचून मी जेवायच्या सुट्टीत जेवलो न्हाय ते का? हे सगळं सोडून आलो त्याला दहा महिने झाले अन् रोज आपल्या गाडीचा आवाज कानात घेऊन हिंडतोय. हितल्या मालकाची गाडी कशी चालती ते इचार, मला सांगता येणार न्हाय.

तुला काय वाटतं, मी यावं? का त्यांना नुसती गाडी बरी करून पायजे?)

बिरुदेव


३ ऑक्टोबर

आण्णा, सोनम, आई,

काल दसरा. गाडीला हार घातला. अन् काल काय झालं ते ऐका, लगेच ऐका, चहा नंतर.

वाळूतनं पाणी टाकून आलो. वाळूत चारी चाकं लावावी लागत्यात, त्याशिवाय गाडी निघत न्हाय. गिअरच्या बाजूला छोटा दांडा असतो, त्यो पुढं ढकलला की पुढची चाकं बी जोर लावत्यात. डांबरी आली की दांडा परत मागं टाकायचा. मी काल इसरलो. दसऱ्याची घाई, सगळ्यांना जिलेबी आणायची व्हती. तसाच डांबरीवर आठ-दहा किलोमीटर आलो. आल्यावर क्वार्टरच्या फाटकात वळतोय तर स्टिअरिंग जड! दोन हातांनी ओढतोय. गाडी अडती, झटके देती, दावं लागल्यावानी. पोटातनं घरघर.

मी ब्रेक मारला अन् तसाच बसून राहिलो. आण्णा, हे सगळं मी आदी वाचलेलं व्हतं. तुमच्या कागदात.

तेवढ्यात जुसबभाई, हितला मिस्त्री, वरडत आला, "अरे मराठा, रोड पे चारों चक्के लगा के? मालिक की गाड़ी मार डालेगा क्या?" दांडा मागं ओढायला गेलो तर निघंना, घट्ट बसलेला. त्यानं सांगितलं, थोडी रिव्हर्स घे. चार हात रिव्हर्स घेतली अन् दांडा खट् करून सुटला. गाडी एकदम हलकी.

सोनम, आत्ता गाडीत जा. मोठ्या गिअरच्या शेजारी छोटा दांडा हाय, काळ्या मुठीचा. त्यो कुटं हाय बघ. पुढं का मागं? लगेच लिव. मी असताना आण्णांनी त्या दांड्याला कदी हात लावला नव्हता, म्हणून माझ्या डोस्क्यात ते आलंच न्हाय. डबा खोलू नका म्हणावं. व्यापाऱ्याला फिरकू देऊ नका.

(अन् मला जिलेबी आणता आली न्हाय. सगळे माझ्यावर चिडलेत.)

बिरू


१६ ऑक्टोबर

आण्णा,

सोनमचं पाकीट जाड व्हतं, तवाच समजलं की आता शिव्या हायत. हायत बी. लिवायला तिला आवडलं असंल.

तर दांडा पुढंच हाय. मी गेल्यावर आठवड्यात तुमी ओढ्याच्या काळ्या रानात रुतला, ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं ह्यो छोटा दांडा पुढं ढकला, ढकलला, चारी चाकं फिरली अन् गाडी निघाली. तवापासनं त्यो तसाच. अकरा महिने. सांगोल्याला, मंगळवेढ्याला, सोलापूरला, डांबरीवर, सगळीकडं.

अन् कारण तुमच्याच शब्दात: "जनावर चार पायांवर चालतं. पुढचं दोन पाय बांधून जनावर कोण पळवतं? तू तिला दोन पायांवर पळवत व्हतास म्हणून तर ती वरचेवर बसत व्हती. मी तिचं चारी पाय सोडलं. अन् तू तितनं लिवतोस की चार पायांनी चालणं हे दुखणं?"

आण्णा, मी हे वाचून लई हसलो. मग हसायचं थांबलो. कारण तुमचं चुकलं कुटं ते सांगायला गेलो तर मलाच सांगता येईना. जनावराचं तुमी बरोबर सांगताय. दोन दिवस गेले सांगायचं कसं ते शोधण्यात. आता बगा जमतंय का.

तुमी अन् सोनम अंगणात हुबं राव्हा. काठीचं एक टोक तुमी धरा, एक तिनं. पुढं तुमी, मागं सोनम. सरळ चाला. काय न्हाय. आता चुलीच्या कोपऱ्यावर वळा. पुढच्या माणसाला मोठा वळसा पडतो, मागचा आतनं कापून जातो. दोघांनी सारखी पावलं टाकली तर काठी ताणती, कुणीतरी घसरावं लागतं. मेंढराचं मागचं पाय आपलं आपण आखूड पाऊल टाकत्यात, कारण त्याला डोस्कं हाय. गाडीला डोस्कं न्हाय. दांडा पुढं असला की पुढचं अन् मागचं चाक एकाच काठीला बांधल्यावानी सारखंच फिरतं. चिखलात, वाळूत, ओढ्यात चाक घसरतं, ताण सुटतो, म्हणून तितं चारी पाय चांगलं. डांबरीवर चाक घसरत न्हाय. मग ताण जातो कुटं? क्रॉसमदी. टायरमदी. डब्यात. म्हणून पुढचा क्रॉस तुटला, दोनदा. म्हणून टायर खाल्लं. म्हणून डबा तापला. किंगपिन बिचारी मधल्या मधी बदलली, ती माझ्यामुळं.

मल्लप्पाला दोष देऊ नका. तुमी त्याला वर बसू दिलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी दांडा बघितला असता.

एवढंच करा. गाडी चालू करा, चार हात रिव्हर्स घ्या, दांडा मागं टाका, अन् सांगोल्याच्या रस्त्यानं फाट्यापतूर जाऊन वळवून आणा. एकदाच. वाटलं तर चारी पाय परत लावा, मी काय बोलणार न्हाय. मेंढरं तुमची हायत, गाडी तुमची हाय.

अन् एक. चष्मा घालत न्हाय असं सोनम लिवते. मग तिला शिकवा की. तिला क्लच कळतो, मी शिकवलाय थोडा, तळावर, तुमी बाजारला गेल्यावर. आता बोला काय बोलायचं ते.

(सोनम, हे वाचू नको. काठीचं जमलं का? आण्णा वळले का खरंच अंगणात? मला त्याचा फोटो पायजे व्हता. अन् हे बी लिव, दांडा मागं टाकला अन् गाडी बरी झाली तर मेंढरं ऱ्हात्यात. मग मी काय करायचं? ह्यो इचार मी आदी केलाच न्हाय.)

बिरुदेव


१२ नोव्हेंबर

आण्णा,

सोनमच्या तीन ओळी आल्या. दांडा मागं टाकला, गाडी हलकी झाली. व्यापाऱ्याला नको म्हणून सांगितलं. भाऊबीज झाल्यावर तुमी निघालात, आता मोडनिंबच्या बाहेर एका बागाईतदाराच्या रानात मेंढरं बसवल्यात, त्याला खत अन् आपल्याला ज्वारी. पत्ता तितल्या किराणा दुकानाचा दिलाय, म्हणून ह्यो कागद तिकडं.

लई बरं झालं. खरंच लई बरं झालं. मी जुसबभाईला सांगितलं, त्यानं चहा पाजला.

पण तुमचं त्यात काय न्हाय. एक शब्द न्हाय. मी पाकीट उलटं करून झटकलं.

मला कळलं हो कशानं. गाडी बरी हाय, मग इचारणार काय? ऑगस्टपासनं तुमचा क्रॉस तुटत व्हता म्हणून तुमी माझ्याशी बोलत व्हता. मीच तुमाला सांगितलं तोडू नका. आता मी जेवायच्या सुट्टीत गाडीखाली आडवा व्हतो अन् इचार करायला काय ऱ्हायलंच न्हाय. तिची काळजी करायची सवय लागली व्हती.

सहज इचारतो. सकाळी थंडीत गाडी एका दमात चालू व्हती का? न्हाय म्हंजे हीटर प्लग जात्यात जुन्या डिझेल गाडीचे, चार असत्यात, एकेक दोनशे-अडीचशेला. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला जाती का? चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसतं का, तेलावानी? रेडिएटरमदी तुमी ओढ्याचं पाणी भरताय का अजून? भरू नका, गाळ बसतो, मग खोलून सळई घालून साफ करून घ्यायला दीड हजार जात्यात. पाट्याचं, म्हंजे चाकावरच्या स्प्रिंगचं, एखादं पान तरी तुटलं असंल. कोकरं चढवताना मागनं कुईकुई येतं का? कायतरी आवाज येतच असणार, अठरा वर्साची गाडी हाय. असं कसं काईच न्हाय?

असंल तर कळवा. मी हितंच हाय.

(सोनम, तुला काय लिवावं तेच कळंना. मी आत्ता आलो तर माझं काम काय तितं? गाडी तू चालवतेस म्हणे. मेंढरं आण्णा बगत्यात. मालक हितं पगार वाढवतो म्हणला, वर्सभर ऱ्हातो म्हणून लिवून दे म्हणला. मी हो बी म्हणलो न्हाय, न्हाय बी म्हणलो न्हाय. त्यो रोज इचारतो.)

बिरू


२७ नोव्हेंबर

आण्णा,

आज पाकीट आलं. मी ते पाण्याच्या टाकीपाशी बसून फोडलं.

सोनमनं दोन पानं लिवल्यात. ती चालवती, तुमी शेजारी बसता, अन् छोट्या दांड्यावर तुमचा हात असतो, तिला हात लावू देत न्हाय. रान संपून डांबरी आली की तुमी स्वतः म्हणता, "थांब गं, दोन पाय," अन् मागं टाकता. परत रान आलं की "सोड चारी." येणारा-जाणारा बगत ऱ्हातो, धनगराची पोरगी जीप चालवती अन् धनगर गाडीशी बोलतोय. एका ट्रकवाल्यानं इचारलं, काका, गाडी चावत न्हाय ना? तुमी म्हणला, "नव्या माणसाला चावती." आईनं पदर तोंडाला लावला म्हणे हसायला. आई हसली हे वाचून बरं वाटलं.

तुमी मेंढरं इकली न्हायत हे मला सोनमकडनं कळलं व्हतं. पण का इकली न्हायत ते ह्या कागदात कळलं. गाडी बरी व्हायच्या आदीच, मी पाठवलेलं काठीचं पान वाचून झाल्यावर, तुमी व्यापाऱ्याला फोन करायला लावला. सोनम लिवते, तुमी एवढंच म्हणला, "पोरगं दोन दिवस बसून सांगायचं कसं शोधतंय, मी अर्धा तास वळून बघीन की." अन् आईला मागं उभी करून अंगणात खरंच वळला.

मग शेवटच्या ओळीत तुमचं. "त्याला इचार, तितं त्याची गाडी कशी हाय."

आण्णा, हे मला हितं कुणीच इचारलेलं न्हाय. मालक इचारतो पाणी पोचलं का. इंजिनेर इचारत्यात येळंवर येशील का. मी बी कदी इचारलं न्हाय. पण तुमी इचारलंय म्हणून सांगतो.

गाडी बरी न्हाय. सकाळी चालू व्हती अन् लगेच बंद पडती, दुसऱ्यांदा मारली की मग धरती. सरळ रस्त्यावर हात सोडला की डावीकडं जाती. हवा बघितली, चारीत सारखी हाय. जुसबभाई म्हणतो पाटा बसलाय एका बाजूचा, मालक म्हणतो चालतीय तवर चालव. रिकामी असली की जास्त खडखडती. भरलेली असली की गप चालती. हे असं का, मला सांगता येत न्हाय, अन् इतके दिवस मी तिच्याकडं नीट बघितलंच न्हाय, तुमच्याच गाडीत व्हतो.

मालकाला अजून वर्साचं लिवून दिलं न्हाय. कागद खिशात हाय. पेन बी हाय. तुमच्याकडं मेंढरं वाट चुकली तर तुमी काय करता ते मला ठावं हाय, तुमी ओरडत न्हाय, थांबता. पण मी मेंढरू न्हाय अन् मला ड्रायव्हरकी बी नीट जमंना. गाडी सोनम चालवती, चांगली चालवती, ती तिच्याकडनं काढून घ्यायला मी येणार न्हाय. आलो तर दुसरं कायतरी करायला लागंल. काय, ते मला दिसत न्हाय. मोडनिंबला हायवेवर गॅरेजं हायत, तितं कुणाला पोरगं पायजे असंल का, असं बी मनात येतं. मग वाटतं, परत तेच, गाडीच्या खाली.

तुमाला गाडीतलं कळत न्हाय, हे मी लई जणांना सांगितलंय. पण घोडी डावीकडं ओढायला लागली की तुमी तिच्या कुठल्या पायाला हात लावत व्हता? आदी काय बघत व्हता? ते सोनमला सांगा, ती लिवंल.

गाडीचं अन् माझं, दोन्हीचं आदी काय करू ते कळवा. तुमचा कागद येईस्तवर सही करत न्हाय, हळू चालवतो.

बिरू